ज्यानं कान पिळला नाही

भरल्या मांडवात, दोन्हीकडचे पाहुणे टक लावून पाहत असताना, त्या पोट्ट्यानं मला ‘नाही’ म्हटलं. मला, विमलताईला. आमच्या गावात माझ्या शब्दाला नाही म्हणणारा एकच माणूस होऊन गेला, तो माझा नवरा. आणि तोही आधी चहा पिऊन घ्यायचा, मग अंगणाच्या पार टोकाला जाऊन हळूच म्हणायचा. हा तर समोर उभा राहून, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, आणि वरून माझ्या पाया पडला. नाही म्हणायचं तर म्हणावं, पण मग पाया कायले पडावं? माणसाला धड रागही येऊ देत नाही… ही काय वागायची रीत झाली?

त्या ‘नाही’ला गावानं पुढं इतके फाटे फोडले, की खरं काय झालं ते मीच सांगितलेलं बरं.

राखीचं लग्न होतं. राखी माझी थोरली नात, माझ्या वामनची पोरगी. वामनला दोन्ही पोरीच – थोरली राखी, धाकटी निकिता. मुलगा नाही, याचं दुःख गावाला फार. आमच्या घरात त्याची कोणाला आठवणही येत नाही. निकिता दिग्रसच्या एका शाळेत शिकवते, रोज बसनं जाते-येते, आणि तोंडानं माझ्यावर गेली आहे.

मांडव दिला होता दिग्रसच्या भगवानरावांच्या बिछायत केंद्राला. तालुक्यात कोणाच्याही दारात लग्न असो – कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या, मुसलमानाच्या – खांब आणि पडदे भगवानरावांचेच. ते स्वतः बौद्ध समाजाचे. या खेपेला त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी मुलाला पाठवलं. संघदीप. बी.कॉम. झालेला, उन्हानं रापलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि कानामागं पेन्सिल खोचलेली. कान जरा बाहेर आलेले. ते मी पहिल्या दिवशीच पाहून ठेवले.

आता अंतरपाटाचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली.

आमच्या घरी एकच अंतरपाट आहे. माझ्या लग्नात धरला तोच वामनच्या लग्नात धरला, तोच राखीला धरायचा होता. पांढरं सुती कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. नवरा-नवरीच्या मधे धरतात. मंगलाष्टकं संपली की बाजूला ओढतात, आणि दोघं एकमेकांना पाहतात. त्याच्या आधी पाहायचं नाही. कापड पडलं की मग पाहायचं, आणि मग जन्मभर पाहतच राहायचं, असा त्याचा अर्थ. निकितानं तो धुऊन अंगणातल्या तारेवर वाळत घातला होता. मी ओट्यावर सुपात अक्षतांचे तांदूळ निवडत बसले होते.

संघदीप दोरी घेऊन तारेच्या या अंगाला आला. कापडाच्या पलीकडून त्याला निकिताची पावलं तेवढी दिसत असावीत. त्यानं विचारलं, हा पडदा कोणाचा, मधे येऊन राह्यला.

‘पडदा नाही,’ पलीकडून निकिता म्हणाली, ‘अंतरपाट आहे. हात लावू नका.’

‘मग धरला कोणी? लग्न तं परवा हाये.’

‘तारेनं धरला.’

‘तारेचा भरवसा नसते, मॅडम…’

आणि खरंच नव्हता. चैत्रातलं वारं ते, दुपारी अंगणात असं गरगरत येतं की वाळत घातलेल्या मिरच्याही उठून चालू लागतात. एक चिमटा तुटला, कापड खाली आलं. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं. मातीला लागू दिलं नाही. आणि त्या कापडाच्या वरून दोघं एकमेकांकडं पाहत उभे राहिले… कापड धरलेलं ते धरलेलंच.

मी सूप आपटलं. दोघं दचकले. निकितानं कापडाची घडी घातली आणि आत गेली. जाताना तिचा चेहरा असा होता, की तोच कोणी धुऊन वाळत घातला आहे.

मी तेव्हा मनात काही आणलं नाही. लग्नघरात कामं काय थोडी असतात?

पण पुढच्या दोन दिवसांत मला एक नवल दिसलं. मांडवाच्या कोपऱ्यात निकिता झेंडूचे हार ओवत बसायची. ऊन सरकतं हे मला माहीत होतं. सावलीला पाय फुटलेले मी पहिल्यांदा पाहिले. ती जिथं बसेल तिथं वरचं कापड ताणलेलं. ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, की थोड्या वेळानं शिडीही त्या कोपऱ्यात. पंख्याचं तोंडही तिकडंच. नवरी बाजूला घामानं निथळतेय, आणि वारा घेतेय तिची बहीण.

एकदा ती चहा घेऊन गेली. स्वयंपाकघराची खिडकी मांडवाकडंच उघडते. मी काही कान लावून ऐकत नव्हते. पण खिडकी माझी, घर माझं, मग कान काय शेजाऱ्याचे वापरू?

निकितानं विचारलं होतं, इतकी लग्नं पाहता, कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, येत नाही, प्रत्येक मांडवात वेगळं काही तरी असतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावर लग्न असलं, की एक जागा मोकळी ठेवावी लागते, कारण निघताना नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करून रडत गाते, आणि बापाच्या घराला आशीर्वाद देऊन जाते. गोंडांच्यात फेरे आपल्या उलट्या अंगानं, घड्याळाच्या विरुद्ध. धरती तशी फिरते म्हणतात, म्हणून धरतीच्या संगं चालायचं. निकाहात नवरी पडद्याआड असते खरी, पण तिचं ‘कबूल’ बाहेर आल्याशिवाय कोणी खजुराला हात लावत नाही.

‘आणि तुमच्यात?’ निकितानं विचारलं.

‘आमच्यात दोघंही पांढऱ्या कपड्यात बसतात, शेजारी-शेजारी. मधे कापड नाही. आपल्या तोंडानं शपथ घेतात… तोही, तीही.’

‘मग तुम्हाले कोणतं लग्न आवडते?’

‘ज्यात नवरीले बोलाले भेटते, ते.’ तो कपात पाहत म्हणाला. ‘तुमच्यात काय करते नवरी?’

‘मान खाली घालून बसते.’

‘तुम्हाले जमन?’

‘मान खाली घालणं? नाही.’

‘मग तुमचा मांडव जरा उंच टाकावा लागन.’

ती हसली. मी खिडकीतून कढईवर झारा वाजवला. चहा प्यायला इतका वेळ लागत नाही, आणि कप तर कधीचा रिकामा होता.

आता लग्नाच्या दिवसाचं.

मंगलाष्टकं झाली, हार पडले, फेऱ्यांची वेळ आली. फेऱ्यांच्या वेळी आमच्यात कानपिळी असते. नवरीचा भाऊ पुढं येतो आणि नवरदेवाचा कान पिळतो. लोक हसतात, नवरदेव खोटं खोटं ओरडतो, भावाला अंगठी नाही तर घड्याळ देतो. हसण्यावारी नेतात, पण त्यात अर्थ आहे. भाऊ सांगत असतो – ही आमची पोरगी आहे, एकटी नाही. हिला त्रास दिलास तर हा कान आणि हा हात, दोन्ही ध्यानात ठेव. ज्यानं कान पिळला तो त्या बहिणीचा जन्माचा पाठीराखा. दर भाऊबीजेला तिच्या ताटापुढं त्यानं बसायचं.

राखीला सख्खा भाऊ नाही. म्हणून माझ्या दिराचा नातू बबलू ठरवला होता. ऐन वेळी बबलू गायब. कोणी म्हणे पानठेल्यावर, कोणी म्हणे वरातीच्या घोड्यावर बसून फोटो काढतोय. गुरुजी घाई करू लागले, नवऱ्याकडचे लोक कुजबुजू लागले. राखीचा नवरा ऋतिक, गुणी पोरगा, कान पुढं करूनच बसला होता बिचारा.

तेवढ्यात मला मांडवाच्या खांबाशी संघदीप दिसला. तीन दिवस घरच्या पोरासारखा राबला होता. वीज गेली तर धावला, पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं. माझं मन मोठं झालं. सगळ्यांच्या समोर मी आवाज दिला, की ये बापू, तू पिळ कान. आजपासून तूच या पोरींचा भाऊ. मी मान दिला त्याला. कुणब्याच्या मांडवात, पाहुण्यांच्या नाकावर टिच्चून, त्याची जात-धर्म न पाहता. कोणालाही वाटेल, पोट्टा धावत येईल.

तो आला. हळूहळू आला. माझ्यासमोर उभा राहिला.

‘आजी, दुसरं काहीही सांगा,’ तो म्हणाला. ‘हे नाही होणार.’

मी विचारलं, काहून, तुमच्यात चालत नाही म्हणून? त्यावर त्यानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खाली वाकला, माझ्या पाया पडला, आणि मागं वळून खांबाशी जाऊन उभा राहिला.

मग तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरलेला बबलू आला. कान पिळला, अंगठी घेतली, फोटो काढला. फेरे झाले. पण पंगतीत एकच विषय. बघा, आपण मान द्यायला जातो आणि ही माणसं कशी वागतात… त्यांना आपल्या देवाधर्माचा तिरस्कारच. मी काही बोलले नाही, पण कोणाला थांबवलंही नाही. मला राग आला होता, आणि मला राग आला की मी वाढपाकडं लक्ष देते.

फक्त एक गोष्ट मी पाहिली. सगळ्या मांडवात एकटी निकिता रागावलेली नव्हती. ती खाली पाहत उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आणि तिचे कान लालबुंद झाले होते. पिळले तर कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो मांडव सोडायला आला. कोणाशी बोलला नाही. खांब काढले, खड्डे बुजवले, अंगण झाडून दिलं, गेला.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, कापसाची पऱ्हाटी कमरेला आली. निकिताला पाहायला लोक येऊ लागले. पुसदचा एक आला, सरकारी नोकरीतला. ती म्हणाली, त्याला हसता येत नाही. यवतमाळचा एक आला, स्वतःचं घर, स्वतःची गाडी. ती म्हणाली, तो माझ्याशी बोलायचं सोडून गाडीशी बोलत होता. तिसऱ्यानं विचारलं, नोकरी सोडशील का. तिनं विचारलं, तुम्ही सोडाल का. सुनेनं कपाळाला हात लावला. वामन मला म्हणाला, माय, तूच समजाव. मी समजावलं. म्हणजे ओरडले. पोरगी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालून बसनं निघून जायची. आणि संध्याकाळी बसमधून उतरायची ती… काय सांगू. दिवसभर पोरांच्या मागं ओरडून आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर इतका उजेड कसा राहतो, हे मला समजत नव्हतं.

मग दिवाळी आली. राखी पहिल्या दिवाळीला माहेरी आली. भाऊबीजेला तिनं सकाळीच ताट सजवलं – निरांजन, सुपारी, करदोडा, बबलूच्या आवडीचे अनारसे. पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. बबलूनं सांगितलं होतं, येतो. दुपार झाली. फोन लागेना. मग लागला, तर मित्रांसंगं कुठं तरी फिरायला गेलता तो, राखीचं ध्यानातच नाही म्हणे. दिवे लागणीला राखीनं पाट उचलून भिंतीला उभा केला. रडली नाही. अनारसे डब्यात भरता-भरता एवढंच म्हणाली, ‘आजी, त्या दिवशी ज्यानं नाही म्हटलं ना, त्याले कान पिळण्याचा अर्थ समजत होता. बबलूले नाही समजला.’

मी म्हटलं, समजत होता तर नाही काहून म्हटलं?

राखी निकिताकडं पाहू लागली. निकिता रांगोळी पुसत होती. हात थांबला तिचा. मग ती उठली, माझ्यासमोर येऊन बसली, आणि मान खाली न घालता बोलली.

‘मी त्याले विचारलं होतं, आजी. लग्नानंतर लगेच, दिग्रसच्या बसस्टँडवर. खूप भांडाले गेलती मी. म्हटलं, माझ्या आजीचा शब्द खाली पाडला तुम्ही. तर तो म्हणे… राखीताईचा भाऊ झालो असतो, तं तुमचा कोण झालो असतो?’

राखीनं अनारशांचा डबा माझ्यापुढं सरकवला. बाहेर पोरं फटाके उडवत होती, ती नेमकी थांबली.

पुढचे काही दिवस मी निकिताशी बोलले नाही. जात नाही का पाहिली म्हणाल, तर पाहिली. सगळे पाहतात, मीही पाहिली. वामन म्हणाला, लोक काय म्हणतील. मीही तेच म्हणत होते. पण पऱ्हाटीत कापूस वेचताना हात चालतो आणि डोकं रिकामं असतं, आणि माझ्या रिकाम्या डोक्यात तो मांडव पुन्हा पुन्हा यायचा.

आमच्याच गावात मी पाहिलेलं आहे. पोट्टे तोंडानं ताई-ताई म्हणतात आणि डोळ्यानं भलतंच पाहतात. भाऊपण काय, फुकटात भेटतं. घेतलं की घरात ये-जा सोपी. त्याला तर मी भर मांडवात वाढून दिलं होतं. घेतलं असतं तर रोज आमच्या चुलीपर्यंत आला असता. त्यानं ते खोटं घेतलं नाही. आमच्या रीतीचा अर्थ आम्ही बबलूच्या खर्र्यासंगं थुंकून टाकला, आणि ज्याच्यात ती रीतच नाही, त्यानं तो खरा मानला.

मी वामनला सांगितलं, की लोक राखीच्या लग्नात जेवून गेले, पण राखीच्या भाऊबीजेला तिच्या पाटावर बसायला त्या लोकांतलं कोणी आलं का? वामननं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा बापही असाच करायचा.

रविवारी मी निकिताला म्हटलं, चप्पल घाल. कुठं, म्हणाली. मी छत्री घेतली. छत्री घेऊन निघाले की मी भांडायला निघाले, असं अख्खं गाव धरून चालतं. पोरगीही तेच समजली. ऑटोत बसल्यापासून ती छत्रीकडंच पाहत राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. तिनंही मला सहा महिने सांगितलं नव्हतं.

दिग्रस जवळ आलं आणि कार्तिकातला तो अवकाळी पाऊस सुरू झाला. बोंडं फुटलेली, कापूस पांढराशुभ्र उभा, आणि याला आताच यायचं होतं. मी पावसाला दोन शिव्या दिल्या. निकिता मात्र हात बाहेर काढून थेंब झेलत होती. प्रेमात पडलेल्या माणसाला कापसाचं काही पडलेलं नसतं.

बिछायतीचं गोदाम टिनाचं. आत एकावर एक खुर्च्या, गाद्यांचे ढीग, दोरखंड, आणि मधोमध पसरलेलं लांबच लांब पांढरं कापड. त्याच्या एका टोकाला संघदीप घडी घालत होता. आम्हाला पाहून कापड हातातच राहिलं. दुसऱ्या टोकाला एक म्हातारी चष्मा लावून झालर शिवत बसलेली. ती रुखमाबाई, त्याची आजी. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच ताठ.

‘मांडवाचं सांगाले आल्या का भांडाले?’ तिनं सुईतून नजर न काढता विचारलं.

‘आधी पाहते. मग ठरवते.’

‘पाहा. पण बसून पाहा. आमच्या इथं उभ्यानं भांडत नाहीत.’

मी खुर्चीवर बसले. टिनावर पाऊस असा वाजत होता, की दोघींनाही आवाज चढवायला कारण मिळालं. रुखमाबाईनं मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. ऐकवणारी माझ्या तोडीची भेटली की मी ऐकते. त्या लग्नातून आला तेव्हा पोरगा दोन दिवस धड जेवला नाही म्हणाली. तुमच्या पंगतीत आमच्या धम्माला नावं ठेवली, ती इथवर ऐकू आली. त्याच्या बापानं विचारलं, मी विचारलं, काहून असं केलं; एक शब्द बोलला नाही. आणि एक सांगून ठेवते म्हणाली, मांडव आम्ही टाकतो म्हणून तुमच्या दारात हात जोडून उभे राहू, असं समजू नका. आमचाही पोरगा वाऱ्यावर पडलेला नाही.

मी संघदीपकडं वळले.

‘काहून रे, तोंड नव्हतं तुले? लोक तुमच्या धर्मावर बोलून राह्यले होते. खरं काहून नाही सांगितलं तवाच?’

त्यानं कापड खाली ठेवलं. निकिताकडं एकदा पाहिलं… एकदाच. मग माझ्याकडं.

‘खरं सांगाले निकिताचं नाव घ्यावं लागलं असतं, आजी. भरल्या मांडवात. तिले न विचारता कसं घेऊ?’

पाऊस वाजत होता. रुखमाबाईची सुई थांबली. निकिता दाराशी भिजल्या ओढणीनं उभी, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पावसाचं आहे असं दाखवायचा तिनं फार प्रयत्न केला.

मी छत्री खुर्चीला टेकवून ठेवली. रुखमाबाईनं ते पाहिलं, आणि आतून चहा मागवला.

चहावर आम्ही दोघी जणी बोललो. दोघा पोरांना कोणी काही विचारलं नाही. ती दोघं पांढऱ्या कापडाची घडी घालू लागली, एक टोक याच्या हातात, एक तिच्या. घडी घालता-घालता जवळ यायची, आणि आमच्याकडं पाहून पुन्हा लांब जायची. कापड सुतासारखं सरळ होतं, तरी घडी काही जुळेना.

‘कधी भिजली?’ तो हळूच विचारत होता.

‘आताच.’

‘मांडव टाकू का वर?’

‘आधी आजी काय टाकते ते पाह्य.’

रुखमाबाईनं सांगून टाकलं, की लग्न झालंच तर आमच्या पद्धतीनं. पांढरी साडी, बुद्धवंदना, दोघांची शपथ. मधे कापड धरणार नाही. मी म्हटलं, कापडाचं सोडा, ते यांच्या मधून माझ्या अंगणातच पडलं, मी डोळ्यानं पाहिलं. ती म्हणाली, अक्षता नाहीत, फुलं टाकतो. तांदूळ खायचा असतो, पायाखाली तुडवायचा नसतो. यावर मला भांडता आलं असतं. पण मी शेतातली बाई. दाणा पायाखाली आलेला मलाही कधी आवडला नाही, हे मी गुरुजींना सांगू शकले नव्हते, तिला सांगितलं. हळदीवर तिनंच नमतं घेतलं. आमच्यातही बाया लावतात म्हणाली, कोणी ऐकत नाही.

‘मग तुमचं काय राह्यलं, विमलताई?’ तिनं विचारलं. ‘सगळं तं आमचंच झालं.’

‘माझी एक रीत राह्यली,’ मी म्हटलं. ‘ती मी आताच करून टाकते.’

मी संघदीपला बोट केलं. तो आला. घाबरला होता, पण आला. भर मांडवात आला होता तसाच, हळूहळू. माझी उंची त्याच्या खांद्याएवढी. मी त्याला खाली वाकायला लावलं, कानामागची पेन्सिल काढून त्याच्याच खिशात ठेवली, आणि पहिल्या दिवशी पाहून ठेवलेला तो कान दोन बोटांत धरून चांगला पिळला.

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. पण कान सोडवून घेतला नाही.

‘आजी…’ तो वाकलेलाच म्हणाला, ‘हे तं नवरदेवाले करतात.’

निकितानं तोंडावर हात ठेवला. घडी घातलेलं कापड तिच्या हातून सुटून पुन्हा सगळं पसरलं. रुखमाबाई चष्मा काढून हसू लागली.

मी कान सोडला नाही.

‘करतात. हिले भाऊ नाही, पण मी हाये, हे ध्यानात ठेव. भाऊ हो म्हटलं तवा नाही म्हटलं तू, बरं केलं. आता जावई हो म्हणून राह्यली. आता नाही म्हणून पाह्य, दुसरा कान अजून मोकळाच हाये.’